तिसऱ्या खांबातला गूळ

निमगाव सावा, ओढ्याकडची वस्ती
१४ सप्टेंबर २०२५

प्रांजल,

वर 'चि.' लिहिलं होतं, ते खोडलं. थोरल्या भावानं धाकट्या बहिणीला तसं लिहायची रीत आहे, पण फेब्रुवारीपासून तू माझा फोन घेत नाहीस, तेव्हा रीत मोडायला सुरुवात तू केलीस. राखी मात्र पोस्टानं धाडलीस. पाकिटात राखी, कुंकवाची पुडी आणि चिठ्ठीच्या नावानं शून्य. मी काही ती बांधली नाही. माझ्या पोरीनं, संस्कृतीनं, ती तिच्या सायकलच्या हँडलला बांधली, अजून आहे तिथं.

कागद कुठला ते ओळखलं असशील. साइटवरच्या सिमेंटच्या आणि काँक्रीट तपासायच्या ठोकळ्यांच्या रजिस्टरची मागची कोरी पानं आहेत ही. पूल गेला, नोकरी गेली, रजिस्टर तेवढं माझ्याकडं राहिलं. म्हटलं कुठंतरी कामाला येऊ दे.

नवा, अर्धवट पूल पाडून पाच महिने झाले. ब्रेकर लावून पाडला, तीन दिवस नुसता धडधडाट चालला होता. चार खांबांतला पहिला तेवढा ठेवलाय. काठाला एकटाच उभा आहे, त्यावर बगळे बसतात. शेजारी तो पत्र्याचा बोर्डही आहे अजून. वर पैसे देणाऱ्या देशाचा झेंडा, बाजूला आपला, खाली 'पुरात वाहून गेलेल्या पुलांची पुनर्बांधणी'. वस्तीवरची पोरं शाळेला जाताना त्याच बोर्डाच्या आडोशाला चड्ड्या वर करतात आणि पाण्यात शिरतात. दुधाचे कॅन डोक्यावरून पलीकडं जातात. उसाचे ट्रॅक्टर पारगावच्या कारखान्याला यंदाही अकरा किलोमीटरचा वळसा घेणार. तुझं ऑफिस पुण्यात, तुला काय फरक पडतोय म्हणा.

तुला सगळं माहीत आहे, तरी ऐकून घे, कारण मी सांगतोय ते तुझ्या अहवालात नाही. परदेशातल्या सरकारनं मदतीचा पैसा दिला. आपल्या सरकारनं दादाभाऊला ठेका दिला. दादाभाऊनं मला सुपरवायझर केलं. आणि ह्या सगळ्यांवर डोळा ठेवायला पैसेवाल्यांनी तुमची थर्ड पार्टी नेमली. ना सरकारची, ना ठेकेदाराची. कुणाचंच नसायचं आणि त्याचाच पगार घ्यायचा, असा तुमचा धंदा.

त्यात आमच्या नशिबानं तू आलीस. आल्या दिवशीच वरिष्ठांना लिहून दिलंस की इथला सुपरवायझर माझा सख्खा भाऊ आहे. त्यांनी सांगितलं, देखरेख कर, पण शेवटची तपासणी दुसऱ्या लॅबला जाईल. तो कागद तू मला दाखवला होतास. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला तुझा लई अभिमान वाटला. आपल्या आज्यानं मेंढरं राखली, आबांनी गवंड्याची थापी हातात धरली, आणि तू हेल्मेट घालून आबांच्याच ओढ्यावर उभी होतीस. मी गावात चार जणांना सांगितलं, की ही पोरगी माझ्या खांद्यावर बसून ह्याच ओढ्यातून शाळेला गेलीय.

आता तिसऱ्या खांबाचं ऐक.

तिसरा खांब मधल्या धारेतला. पाणी वळवायला वेळ लागला म्हणून तो सगळ्यात शेवटी भरला, डिसेंबरात. दुपारी मजूर भाकरीला बसले आणि मी डिझेल आणायला गेलो. तेवढ्यात आई आली. बरोबर साळुबाई आणि वस्तीवरच्या आणखी दोघी. डोक्यावर हंडा. गुऱ्हाळावरची अख्खी ढेप कोमट पाण्यात विरघळवून आणली होती. मिक्सरला पाणी घालायचा जो ड्रम होता, त्याला हळदकुंकू लावलं आणि हंडा त्यात रिकामा केला.

कशासाठी, हे तुला सांगायला पाहिजे का? आबांचा चुना कसा असायचा ते तूही पाहिलंस. बैलाच्या घाण्यात चुना मळायचा, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा. पुरात गेलेल्या जुन्या पुलाची मोरी त्यांनी तसल्याच चुन्यानं सांधली होती, आणि पूल गेला तरी मोरीचे दगड एकमेकांना धरून वाहत गेले, असं आई अजून सांगते. मी डिझेल घेऊन आलो तेव्हा ती पदराला हात पुसत होती. म्हणाली, "तुझ्या बापानं गुळाबिगर कधी चुना लावला न्हाई. मधल्याच खांबाला तर पान्याचा मार हाये."

मी हसलो. मला तरी कुठं माहीत होतं की चुन्याला जो गूळ चालतो तो सिमेंटला चालत नाही म्हणून. त्या चौघी गेल्या आणि आम्ही त्याच ड्रममधल्या पाण्यानं माल कालवला.

तिसऱ्या दिवशी फळ्या काढल्या तर खांब ओला. आठव्या दिवशी नख मारलं तर नख आत. आणि मुंगळे. पायथ्यापासून वरपर्यंत मुंगळ्यांची रांग लागलेली. तू आलीस तेव्हाही होती ती. तू खाली बसून तिचा फोटो काढलास, मी बघत होतो. मुंगळे काय सिमेंट खायला येतात होय गं? तू आबांची लेक, इंजिनीयर झालीस, आणि एका शब्दानं विचारलं नाहीस की दादा, हे काय झालं. मशीन लावून चारही खांबांना भोकं पाडलीत, आतले तुकडे नेलेत, आणि अहवालात माझं नाव घालून मोकळी झालीस. मच्छिंद्र सोमाजी, पुढची पाच वर्षं अशा कुठल्याही कामावर घेऊ नये.

एका ढेपेपायी. आता मी वारूळवाडीला टोमॅटोच्या गाळ्यावर क्रेट मोजतो. पोरगी विचारते, आत्यानं तुमची नोकरी का घालवली. तूच लिहून पाठव तिला उत्तर.

तुझ्या कागदावर लिहिलंय तसा, सख्खा भाऊ
मच्छिंद्र


२४ सप्टेंबर २०२५

प्रांजल,

उत्तर नाही. नसू दे. मी लिहिणार.

रविवारी आपला भादवी पोळा झाला. आपल्याकडं आता एकच बैल, तोही म्हातारा, तरी आईनं शिंगं रंगवली, झूल घातली. पुरण शिजवलं, वाटलं, बैलाला घास भरवला, आम्हाला वाढलं. आणि स्वतः चुलीपाशी बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. तुझी वहिनी वृषाली तिला म्हणाली, आत्याबाई, एक पोळी तरी घ्या. तर मान हलवली. सात महिने झाले, ती गूळ तोंडात घालत नाही. सकाळचा कोरा चहासुद्धा बिनगुळाचा पिते, आणि तिला गुळाच्या चहाशिवाय डोळा उघडत नाही हे तुला माहीत आहे.

तिला वाटतं पूल तिनं पाडला. चारही खांब. ओढ्याकडं जात नाही, पलीकडून पोरं भिजून आली की आत जाऊन बसते. साळुबाईनं तिला चारदा समजावलं की अगं, आपुन चौघी व्हतो. पण ढेप माझ्या घरची, म्हणते. तू तिच्यासाठी फोन केलास की ती माझ्याकडं ढकलते आणि मी बंद करतो. तुझ्या अहवालाची तिला एवढी धास्ती बसलीय. बघ म्हणजे तुझी तपासणी कुठवर पोचली.

आता कामाचं बोलतो. परवा दादाभाऊ घरी आला होता. काळ्या यादीत त्याचंही नाव आहे, मोठं काम हातचं जातंय, म्हणून त्यानं वर अर्ज केलाय. त्याच्या वकिलाचं म्हणणं असं, की पूल ठेकेदाराच्या चुकीनं बिघडला नाही, गावातल्या माणसांनी बांधकामात गूळ टाकला म्हणून पाडावा लागला. तसा कागद करायचा, आईनं त्यावर सही करायची. फेरतपासणी होईल, त्याचं नाव निघेल, माझंही निघेल. पूल तोच पुन्हा बांधील आणि मला पुन्हा साइटवर घेईल. आईला काही होणार नाही म्हणतो. अडाणी बाईनं श्रद्धेनं केलं, तिला कोण विचारतंय.

कागदात 'पुलाच्या खांबांत' असं लिहिलंय. मी म्हटलं, एकाच खांबात टाकला होता. तो म्हणाला, मच्छिंद्रराव, खांब एक काय आणि चार काय, गूळ तो गूळ.

खरंच काय फरक पडतो? पूल तर गेलाच. तू एवढंच कर, तुमच्या लेटरहेडवर एक ओळ लिहून दे की गुळानं काँक्रीट खराब होतं. खोटं नाही ते, तुझ्या पुस्तकात असेल. भावासाठी खरं लिहायला तरी काय जातं तुझं? तेरा ऑक्टोबरला दादाभाऊ सहीला येणार आहे, त्याच्या आत पाठव.

आई सही करायला तयार आहे. म्हणते, माझंच पाप हाये, मंग सही बी माझीच. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही ती दोन दिवस पाटीवर गिरवतेय.

मच्छिंद्र


९ ऑक्टोबर २०२५

प्रांजल,

तुझं पाकीट मिळालं.

मला वाटलं होतं लेटरहेड असेल. निघाली अहवालाची दोन पानं, इंग्रजी, आणि खाली तुझ्या अक्षरात मराठी करून लिहिलेलं. आणि शेवटी एकच ओळ, 'दादा, आईला फोन दे.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा पानं चुलीत घालणार होतो. वृषालीनं हातातून काढून घेतली आणि मोठ्यानं वाचून दाखवली. नवरा आहे म्हणून थांबली नाही, मध्ये अडखळली पण नाही.

खांब एक, ताकद चौतीस. खांब दोन, सतरा. खांब तीन, सहा. खांब चार, सोळा. तीस पाहिजे होती. तिसऱ्या खांबापुढं तू लिहिलंयस, काँक्रीटात गुळाचा अंश सापडला, मुंगळे दिसले, हे गावातल्या जुन्या रीतीतून अजाणता झालेलं दिसतं, ह्यात कुणाला दोषी धरू नये. दुसऱ्या आणि चौथ्या खांबापुढं लिहिलंयस, गुळाचा अंश नाही, सिमेंटच कमी, रजिस्टरमधला आकडा आणि प्रत्यक्षातलं सिमेंट जुळत नाही.

म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. फेब्रुवारीत. तू मुंगळ्यांचा फोटो उगीच काढला नव्हतास. हा अहवाल माझ्याकडं तेव्हापासून आहे, आणि मी माझं नाव आलं ते पान सोडून दुसरं उलटलं नाही. इंग्रजी येत नाही हे कारण झालं. संस्कृतीला सांगितलं असतं तर तिनं वाचून दाखवलं असतं.

आता मला लिहायलाच पाहिजे. पहिल्या पत्रात मी एका ढेपेपायी असं लिहिलं ते खोटं होतं.

पहिल्या खांबाला तू सकाळपासून उभी होतीस, पोती तुझ्यासमोर फुटली, म्हणून तो चौतीस आला. दुसऱ्या आणि चौथ्याच्या दिवशी तुझी पाळी दुसऱ्या कामांवर होती, आंबेगावात. त्या दोन्ही दिवशी दादाभाऊचा टेंपो पोती घेऊन आला तसा पंधरा-पंधरा पोती तशीच घेऊन गेला. रजिस्टरला मी पुरी लिहिली. सही माझी. तपासणीच्या ठोकळ्यांसाठी वेगळी पाटी कालवली, दुप्पट सिमेंटची, तीही मीच. ठोकळे असे देखणे झाले होते की तू लॅबमधून फोन करून म्हणालीस, दादा, काम झकास चाललंय. आठवतं? मी म्हणालो होतो, मग, आबांचा पोरगा आहे.

का केलं असं विचारशील. दादाभाऊनं धमकी बिमकी काही दिली नाही. तो म्हणाला, खांब दिसतो, सिमेंट कुणाला दिसतंय, आणि सगळीकडं असंच चालतं. मी मान हलवली. पुढच्या महिन्यात त्यानं जुनी बुलेट माझ्या दारात लावली, चालवा म्हणाला. मी चालवली. गावातून दोनदा उगीचच चालवली.

तिसरा मऊ निघाला म्हणून तू चारही खांब तपासलेस, आईनं गूळ टाकला नसता तर दुसरा आणि चौथा कच्चे आहेत हे कुणाला कळलंही नसतं. तिसऱ्याचीही पोती परत जायची होती, टेंपो ठरलेला होता, त्या दिवशी बंद पडला. ठोकळे पास झाले असते, वर स्लॅब पडला असता, बोर्डाला हार घातला असता. आणि मग उसाचा भरलेला ट्रॅक्टर, किंवा पूर, किंवा दोन्ही. पोरं त्यावरूनच शाळेला जाणार होती, माझीही. तुमच्या सगळ्या थर्ड पार्टीनं जे पकडलं नाही ते एका म्हातारीच्या ढेपेनं पकडून दिलं, प्रांजल. हे मला तेव्हापासून माहीत आहे.

आता फोनचं लिहितो. आई तुझा फोन का घेत नाही? तू समजत असशील भावाची नोकरी गेली म्हणून रागावली. तसं नाही. अहवाल आला त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, काय लिवलंय पोरीनं? मी म्हणालो, तुझ्या गुळानं पूल गेला असं लिहिलंय. तिनं विचारलं, समदा? मी म्हणालो, सगळा.

एवढंच बोललो मी. तिला वाटतं तू सरकारी कागदावर आईचं नाव पापी म्हणून लिहिलंस, आणि ते खरं असल्यामुळं तुझ्यावर रागावताही येत नाही. म्हणून ती तुझ्याशी बोलत नाही, लाजेनं. आणि मी फोन बंद करायचो, कारण तू दोन मिनिटं बोलली असतीस तरी माझं पितळ उघडं पडलं असतं. म्हातारीच्या पदराआड लपलो मी, चाळिशीला आलेला बाप्या.

शिव्या देशील तर दे. पण आज फोन देणार नाही. आधी मला सांगू दे तिला. तेरा तारीख चार दिवसांवर आहे.

मच्छिंद्र


१६ ऑक्टोबर २०२५

प्रांजल,

चार दिवस होते ना? चारही दिवस मी तिला काही सांगितलं नाही. रोज गाळ्यावरून येताना ठरवायचो, घरी आलो की बैलाला वैरण, मोटार चालू, असलं काहीतरी काढायचो. दहा तारखेला तर तिनंच विचारलं, काय रं, कायतरी बोलायचंय का तुला. मी म्हणालो, नाय.

तेरा तारखेला दादाभाऊ सकाळीच आला. पांढरी गाडी, बरोबर वकिलाचा माणूस, त्याच्याकडं स्टँपपेपर. आईनं ओसरीवर घोंगडी अंथरली, नवं लुगडं नेसली होती. तिला वाटत होतं हा सगळा दंडाचा कागद आहे. वकिलाच्या माणसानं वाचून दाखवलं. मी बाळाबाई सोमाजी, अशी अशी, पुलाच्या खांबांमध्ये मी व इतर महिलांनी गूळ टाकला, त्यामुळं संपूर्ण बांधकाम निकामी झालं, यात ठेकेदाराचा कोणताही दोष नाही. दादाभाऊ म्हणाला, मावशी, इथं सही, आणि इथं.

तिनं पेन घेतलं. 'बा' काढला. काना जरा लांबला म्हणून थांबली आणि मला म्हणाली, नीट आलाय का बघ.

मी बघितलं. आणि मला तिथंच बोलावं लागलं. चांगलं ठरवून, तिला एकटीला बाजूला घेऊन सांगायचं होतं, ते जमलं नाही. दादाभाऊसमोर, त्या परक्या माणसासमोर, वृषालीसमोर सांगितलं. की तुझ्या गुळानं एकच खांब गेला. बाकीचे दोन माझ्या सहीनं गेले. पोती परत जात होती आणि मी बघत होतो. प्रांजलनं तुझं नाव कुठंही लिहिलेलं नाही, उलट ह्या बाईला दोष देऊ नका असं लिहिलंय. तुला जे सांगितलं ते मी रचून सांगितलं.

आईनं पेन घोंगडीवर ठेवलं, टोपण लावून ठेवलं. मग माझ्याकडं बघून सावकाश म्हणाली, "म्या आठ म्हयने गोड तोंडात घातलं न्हाई. लेकीचा आवाज ऐकला न्हाई. आन् तू रोज हितं जेवायला बसत व्हतास?"

मी व्हय म्हणालो.

दादाभाऊ समजूत घालायला लागला. मावशी, घरातल्या गोष्टी घरात, कागद झाला की सगळ्यांचंच भलं आहे. आईनं त्याचं पुरतं ऐकून घेतलं. आणि म्हणाली, "म्या येका खांबात गूळ टाकला. तेवढं लिवा, तेवढ्याला सही करते. दुसऱ्याची पोती माझ्या लुगड्यात बांधू नगा."

तो उठला. जाताना मला म्हणाला, मच्छिंद्रराव, रजिस्टरवर सही कुणाची आहे ते ध्यानात ठेवा, माझी नाही. बरोबरच बोलला तो. गाडी वळवताना आईच्या तुळशीचा कट्टा थोडा फुटला.

पाकिटात दोन कागद घातलेत. एक आईचा. संस्कृतीनं लिहिलाय, आईनं सांगितलं तसा, एक खांब, एक ढेप, साळुबाई आणि दोघींची नावं. खाली सही, ह्या वेळी काना नीट आलाय. दुसरा माझा. दोन खांब, टेंपोचा नंबर, तारखा, ठोकळ्यांची वेगळी पाटी, बुलेट. रजिस्टरही पाठवतोय, मागची पानं फाटलेली दिसतील, ती पत्रांत गेली. हे सगळं तुझ्या वरिष्ठांना दे. तू हात लावू नकोस, बंद पाकीटच दे, नाहीतर उद्या म्हणतील बहिणीनं लिहून घेतलं. माझ्या जबाबाच्या फॉर्मवर तपासणाऱ्याशी नातं लिहायची जागा होती, तिथं सख्खा भाऊ लिहिलंय. मी एका वकिलाला विचारलं, तो म्हणतो, केस होईल, कदाचित अटकही. होऊ दे. गुळाचा खरा कागद वर गेला की दादाभाऊच्या अर्जात काही राहत नाही, आणि पूल दुसरा कुणीतरी बांधील. त्या वेळी रोज उभं राहणारा माणूस ठेवा. पाळीनं येणारा नको.

तेरा तारखेच्याच संध्याकाळी आईनं स्वतः माझ्याकडं फोन मागितला. तुझ्याशी काय बोलली ते मला माहीत नाही, ती ओढ्याकडं गेली होती फोन घेऊन. आठ महिन्यांनी पहिल्यांदा. अंधार पडल्यावर आली, डोळे सुजलेले होते, पण मान वर होती. आल्या आल्या वृषालीला म्हणाली, पोरगी भाऊबीजेला येतीय.

ये. आईसाठी ये. मला ओवाळायचं की नाही ते तू आल्यावर ठरव, मी पाटावर आपण होऊन बसणार नाही.

आणखी एकच. चौदाच्या सकाळी आईनं चहा ठेवला. डबा उघडून गुळाचा खडा काढला, आपल्या कपात टाकला, वृषालीच्या टाकला, संस्कृतीच्या टाकला. मग डब्याला झाकण लावलं आणि चौथा कप माझ्यापुढं सरकवला. मी प्यालो. काल तसाच होता. आजही तसाच होता.

मच्छिंद्र